निर्मलाताईंची कंपनी

कुठल्याही कारखान्यात गेल्या की निर्मलाताई देवरे आधी मालकाच्या केबिनमध्ये बसत नसत. "कामगार डबा कुठे खातात ते दाखवा," म्हणत. मालक गोंधळायचा. त्याने एसी लावलेला असायचा, चहा सांगितलेला असायचा आणि सुती साडीवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या या बाई मागच्या शेडकडे निघालेल्या असायच्या. तिथे घाण दिसली तर परत येताना त्या गप्प असत. माठ झाकलेला, बायकांना बसायला वेगळा आडोसा केलेला दिसला की गाडीत बसल्याबसल्या म्हणत, "सुहास, ताळेबंद सजवता येतो रे. ही जागा कुणी पाहुण्यांसाठी सजवत नाही. या माणसाच्या धंद्यात पैसे घालायला हरकत नाही."

नाशिकच्या एका बँकेत मी त्यांच्या हाताखाली होतो. लहान उद्योगांच्या कर्जाचं टेबल त्यांच्याकडे. बहुतेकांना नकार द्यावा लागे, कारण तारण नसे. नकार देताना त्या समोरच्याला पाणी विचारत आणि तो गेला की स्वतःशीच चिडत. "घर-जमीन गहाण ठेवता येईल असा माणूस आपल्याकडे येईलच कशाला? तो धंदाच करणार नाही, भाडं खाईल."

शेवटी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि कंपनी काढली. लहान कारखान्यात भांडवल घालायचं, धंदा चालला तर नफ्यात वाटा घ्यायचा, बुडाला तर बुडण्यातही. त्यांचे निवृत्तीचे सगळे पैसे त्यात गेले. डोळ्यांचे एक डॉक्टर, दिंडोरीचे एक द्राक्ष निर्यातदार आणि दोन निवृत्त शिक्षिका भागीदार झाले. मीही नोकरी सोडून त्यांच्यामागे गेलो. आता फक्त सरकारी परवाना यायचा होता. असा गुंतवणुकीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही.

परवान्याबद्दल ताई इतक्या हळव्या का, हे मला पुढे कळलं. त्यांचे वडील निफाडला शिंपीकाम करायचे. गावात एका गोड बोलणाऱ्याने गुंतवणुकीची पेढी उघडली. वडिलांनी पैसे ठेवले, शेजाऱ्यांनाही ठेवायला लावले. पेढीकडे कसलाच परवाना नव्हता. एका सकाळी तिला कुलूप दिसलं. "त्यानंतर बाबा माप घेतानासुद्धा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नसत," ताई म्हणाल्या. "परवाना म्हणजे नुसता कागद नाही रे. माझ्यावर कुणाचा तरी डोळा आहे, असा तो लोकांना दिलेला शब्द आहे."

ताईंच्या डोळ्यांसमोर पहिलं नाव होतं बाळू गायधनीचं. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये तो द्राक्षबागांच्या छाटणीच्या कात्र्या बनवायचा. कात्री हाताला हलकी, बायकांच्या मुठीत बसेल अशी. पण पात्याला पाणी द्यायचं, म्हणजे ते तापवून कडक करायचं काम बाहेरून करून घ्यावं लागे आणि ते सारखं उतरत नसे. स्वतःची भट्टी बसली की बाळूला मागे वळून पाहावं लागणार नाही, असं ताईंचं ठाम मत. त्याच्या शेडमध्ये त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा तो कामगारांबरोबर खाली बसून भाकरी खात होता. त्याने ताईंनाही बसवलं. ताई जेवल्या.

परवाना देणाऱ्या मुंबईच्या कार्यालयाकडून प्रश्न यायचे. आम्ही उत्तरं द्यायचो. अधिकाऱ्याची बदली व्हायची आणि नवे अधिकारी पहिल्यापासून विचारायचे. ताई न चिडता पुन्हा लिहायच्या. "विचारू देत. कसून विचारलं म्हणजे चोर गळतात." असे किती हंगाम गेले. छाटण्या झाल्या, माल निघाला, पुन्हा छाटण्या आल्या.

एक दिवस बाळू आमच्या ऑफिसात आला. खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई, लायसन येईल तवा येईल. तुम्ही मला वळखता, मी तुम्हाला. आपल्या आपल्यात द्या की."

"बाळासाहेब, माझ्या वडिलांनीही आपल्या आपल्यातच दिले होते."

बाळू हसला. "तुम्ही काय पळून जानार हाय का?"

"नाही. पण पळणाराही आधी हेच म्हणतो."

तो उठला. मग म्हणाला, "लय थांबलो, ताई. आता मला नाय जमायचं." चहा न घेताच गेला.

त्याच सुमारास हमरस्त्यावर झटपट कर्ज देणाऱ्या एका कंपनीचं काचेचं ऑफिस उघडलं होतं. भिंतीवर फ्रेम करून लावलेला परवाना दुकान उघडण्याचा होता, पैसे वाटण्याचा नव्हे. पण शिक्का दिसत होता, लोकांना तेवढं पुरे होतं. बाळूला तिथे एका दुपारीच पैसे मिळाले. भट्टीची ऑर्डर दिली, आगाऊ रक्कमही भरली. त्या वर्षी अवकाळीने बागा झोडपल्या, कात्र्यांची उधारी अडकली. पहिला हप्ता चुकला तशी त्या कंपनीची माणसं टेम्पो घेऊन आली आणि लेथ यंत्र उचलून घेऊन गेली. भट्टी आलीच नाही.

ताईंना हे कळलं त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईहून उत्तर आलं. काही कंपन्यांनी लोकांना गंडवलं, म्हणून अशा कंपन्यांच्या किमान भांडवलाची अट कितीतरी पटींनी वाढवली होती. आमचं भांडवल त्यात बसत नव्हतं. अर्ज नामंजूर. ताईंनी ते दोनदा वाचलं. "बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या.

भागीदारांचे पैसे परत करायला त्या स्वतः प्रत्येकाच्या घरी गेल्या. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. डॉक्टरांनी तर फराळाचा आग्रह केला. त्या चांगुलपणानेच त्या जास्त खचल्या असं मला वाटतं.

मग एकदा म्हणाल्या, "सिन्नरला जाऊ." बाळूच्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम झालं होतं. बाळू पलीकडच्या मोठ्या कारखान्याच्या गेटवर वॉचमनच्या गणवेशात भेटला. ताईंना पाहून उठला. सवयीने सलाम ठोकला आणि मग ओशाळला.

"या ताई. पानी आनू का?"

त्यांनी घरचं विचारलं. बायको बरी, मुलगी बारावीला. तक्रार एकही नाही. तेवढ्यात एक ट्रक आला आणि त्याला गेट उघडायला पळावं लागलं.

परतताना घाटात ताईंनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाल्या, "तो नियम माझ्या बाबांसारख्या माणसांसाठीच केलाय. त्या खुर्चीवर मी असते तर मीही तोच केला असता. मग बाळूला कुणी बुडवलं, सुहास?"

त्या विषयावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

पुढे त्यांचं सकाळचं फिरणं बंद झालं. पेपर दाराशी तसाच पडलेला असायचा. कुणी आलं तर उठून चहा करायच्या, पण बोलणं अर्ध्यावर सोडून द्यायच्या. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचाही गेली. मी जवळ बसायचो. त्या छताकडे बघत असायच्या. पावसाळा सरता सरता गेल्या.

अमरधामला बाळू आला होता, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून. चितेपासून लांब उभा राहिला. निघताना माझा हात धरून म्हणाला, "त्या खोट्या नव्हत्या, साहेब. तेवढं मी समद्यांना सांगतो." मग त्याला ड्यूटीची वेळ झाली.

कंपनीचा फोन नंबर अजून माझ्याकडेच आहे. परवा त्यावर एका बाईंचा फोन आला. दिंडोरीकडच्या होत्या, बेदाणे निवडून पाकिटं भरण्याचा धंदा. ताई पूर्वी त्यांच्याकडे येऊन गेल्या होत्या म्हणे, परवाना आला की येते म्हणाल्या होत्या.

"ताई नाहीत आता," मी म्हणालो. "कंपनीही बंद झाली."

पलीकडे यंत्राची घरघर चालू होती. मग त्यांनी विचारलं, "मग दादा, आता कुनाकडं जाऊ? एखादं चांगलं नाव तरी सांगा."

मी बाल्कनीत उभा होतो. समोरच्या इमारतीवर तत्काळ भांडवल देणाऱ्यांच्या पाट्याच पाट्या होत्या. त्या बाई थांबून होत्या. मला एकही नाव सांगता आलं नाही.