साडेतीनचा दीड

मित्रांनो, माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात बसूनच लिहितोय. कामात मन लागत नाहीये.

दुपारी आर्णीजवळच्या तांड्यावरून एक काका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला घेऊन आले. तिच्यासाठी घेतलेला जुना लॅपटॉप फार अडकतो, एवढीच तक्रार. काकांनी सिस्टमच्या माहितीचं पान स्वतःच उघडून दाखवलं.

"हे पाहा भाऊ, साडेतीन गिगाहर्ट्झ. मी पाहूनच घेतला."

मग त्यांना फोन आला, ते बाहेर गेले. मी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. सिस्टम चालू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये गेलो, तर तिथे प्रोसेसरचा खरा वेग दीड. विकणाऱ्याने सिस्टममधला आकडा बदलून ठेवलेला, आणि सिस्टम तोच मुकाट्याने दाखवत होती.

मुलीने वाचलं. हळूच म्हणाली, "दादा, बाबाले नका सांगू. अख्ख्या तांड्याले तो साडेतीनचा आकडा दाखवून राह्यले ते."

काका आत आले. "काय निघालं भाऊ?"

"धूळ होती," मी म्हणालो.

सिस्टम सुरू झाली. पुन्हा साडेतीन. काकांनी आकड्यावर बोट ठेवलं. "मी म्हनलोच होतो. मशीन कायले खोटं बोलन?"

आता मुलगी रोज सांगणार, बाबा, फास्ट चालते. म्हणजे सिस्टम, मी आणि ती, तिघंही त्यांच्याशी खोटं बोलतोय.

तुम्ही सांगितलं असतं का? मी सांगितलं असतं तरी वेग दीडच राहिला असता.