मंगळमालेचे धसईतले परीक्षक

आमच्या धसईच्या वाचनकट्ट्यावरचा एक किस्सा सांगून संपायच्या आत दुसरा घडलेला असतो! बहुतेकांत हसं माझंच होतं, आणि त्यासाठी मी या मंडळींची ऋणी आहे.

बंगळुरूला शिकून मी गावी परतले ती एकच वेड घेऊन: आपल्या माणसांसाठी मराठीत विज्ञानकथा लिहायची! मंगळावर वस्तीला निघालेल्या लोकांच्या मालिकेचे दोन भाग स्वतःच छापले. तिसरा लिहून तयार होता. ठरवलं, कट्टा 'हो' म्हणाला तरच छापायचा.

*

मुरबाडच्या कारखान्यात फिटर असलेला सुनीलदादा म्हणाला, "पयला भाग एका बैठकीत वाचला गो!"

मी फुलून गेले. "एवढा आवडला?"

"नाय गो, एसटी बंद पडलेली!"

*

यानाचं इंजिन कसं चालतं हे मी पानंच्या पानं समजावलं होतं. भाजीवाले गुलाबकाका म्हणाले, "यात कोन कोनाला सांगतंय?"

"कॅप्टन, इंजिनिअरला."

"त्याला म्हाईत नाय? मग घेतला कशाला बरोबर?"

ती पानं गेली.

*

'असीम कृष्णगर्भाच्या गूढ कुशीत यान विसावलं' हे माझं लाडकं वाक्य. सुनीलदादाने ते मोठ्याने वाचलं. कट्ट्यावरच्या सगळ्यांत वयस्क काशीमावशी म्हणाल्या, "अंधार व्हता म्हन की! आमच्याकडं रोज लाइट जातात."

*

मंगळावरच्या तलावाचं पाणी मोठ्या नळांतून लांबच्या शहराला जातं आणि काठावरची वस्ती कोरडी राहते, हे सुनीलदादाने वाचून दाखवलं.

"आपला तानसा! पानी मुंबईला, काठावरचे कोरडे!" गुलाबकाका म्हणाले. "हे मातर खरं लिवलंस, पोरी."

त्या दिवशी मी घरी चालत नाही, उडत गेले!

*

दुसऱ्या भागात कॅप्टनची म्हातारी आई यानातच वारते. कथा पुढे न्यायची होती, म्हणून मी तिला दोन ओळींत आटोपलं. तेवढं वाचून काशीमावशी कट्ट्यावर यायच्याच थांबल्या. त्यांच्यावाचून तिसऱ्या भागाचा निकाल लागेना. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. मावशी तांदूळ पाखडत होत्या.

"मावशी, पुस्तक आवडलं नाही का?"

"म्हातारीच्या दहाव्याला कावळा शिवला का गो?"

"अंतराळात कावळे नसतात, मावशी!"

"ते म्हाईत हाय मला. पन तिची इच्छा काय रायली व्हती, ते तुला तरी म्हाईत हाय का?"

मी सुपातला एक खडा वेचला.

"आणि तिसरा भाग?" मी हळूच विचारलं.

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. "बस हितं. आधी म्हातारीला इचार, काय रायलं ते. मी चा टाकते."