टाकीचा पंप

सायकली दुरुस्त करणाऱ्या काकांचा उजवा खांदा कामातून गेला होता. ट्यूबलेस टायर रिमवर बसवायला एकदम जोराची हवा लागते. साध्या पंपाची हवा कडेने निसटून जाई आणि गिऱ्हाइके दुसरीकडे वळत. कंप्रेसर घ्यायचे जवळजवळ ठरले होते; पण रात्रपाळी करून आलेली सून दिवसा दुकानामागच्याच खोलीत झोपे.

“बाबा, खुशाल घ्या. मी कानांत बोळे घालीन,” ती म्हणाली.

“अगं, तो कुंभकर्णालाही उठवील.”

अखेर त्यांनी टाकीचा पंप घेतला. डाव्या हाताने सावकाश टाकी भरली आणि साठलेली हवा एकदम सोडली. टायर फट्‌कन बसला.

“कंप्रेसरने केव्हाच झालं असतं, काका,” गिऱ्हाईक म्हणाले.

“झालं असतं. जरा हळू बोला.”

आत घोरणे चालूच होते.