अर्धी राहिलेली पात

दुपारी जेवण झाल्यावर डोळा लागता लागता मला अजून नानाजींचं शेत दिसतं. नानाजी म्हणजे माझे सासरे. मारेगावपासून कोसभरावरचं ते शेत, डिसेंबरातलं, धुकं अजून उठलेलं नाही. त्या पांढऱ्यात पांढरा कापूस आणि त्यावर पंधरा बायकांची नुसती डोकी तरंगत असतात. कापूस वेचण्याला आवाज नसतो. बायकांचं बोलणं तेवढं ऐकू येतं, आणि त्यात सगळ्यात हळू आवाज रुखमाबाईंचा असतो. मग मला झोप लागते.

रुखमाबाई गावातल्या बौद्धपुऱ्यात राहायच्या. वेचणीला बायका जमवायचं काम त्यांचं. मी लग्न होऊन नागपूरहून आले तेव्हा कापसाचे वाईट दिवस होते. पानं अवेळी लाल पडत, भाव पडलेला असे, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात रोज येई, चांगल्या कारणाने एकदाही नाही. घराघरांत माणसं एकमेकांवर खेकसत. माझा राग तर तसाही नाकाच्या शेंड्यावर. अशा दिवसांत पंधरा बायका एका शेतात न भांडता राबतात, हे बघून मला आधी कौतुक वाटलं आणि मग थोडा संशय आला.

रुखमाबाईंची सगळी करामत पातीत होती. पात म्हणजे एकेकीच्या वाट्याच्या दोन ओळी, या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत. कोणी कोणती पात धरायची ते रुखमाबाई ठरवत. आळशी बाईला त्या रस्त्याकडेची पात देत, कारण येणारे-जाणारे बघतात म्हटलं की तिचे हात आपोआप चालत. अबोला धरलेल्या दोन जावांना शेजारशेजारच्या पाती देत आणि पाण्याची कळशी मुद्दाम लांबच्या धुऱ्यावर ठेवत. एक पाण्याला निघाली की दुसरीला विचारावंच लागे. रामीबाई नावाची एक फटकळ म्हातारी होती, तिला त्या रोज सकाळी एखादा सल्ला विचारत. सल्ला कधी पाळला नाही, पण रामीबाई दिवसभर खूश.

मी एकदा विचारलं की हे तुम्हाला कोणी शिकवलं. त्या हसल्या.

"माणूस बोलते काय, ते नाई पाह्याचं, ताई. त्याले पाहिजे काय, ते पाह्याचं."

हे वाक्य मी माझ्या घरात वापरून पाहिलं. नानाजी चहावरून ओरडत तेव्हा त्यांना चहा नको असतो, कोणीतरी पाच मिनिटं जवळ बसायला हवं असतं, हे मला कळलं. माझ्या सासूबाई विमलताई माझ्या पोळ्यांना नावं ठेवत त्यामागे काय होतं तेही उमगलं. घर जरा शांत झालं. मी स्वतःला फार हुशार समजू लागले, आणि तिथेच फसले.

रुखमाबाईंचा एकुलता एक मुलगा धम्मरत्न शेतमजुरीला कंटाळून पांढरकवड्याला ट्रकवर लागला होता. त्याने तिथे खोली घेतली आणि बायकोला, मोनालीला, निरोप धाडला. मोनालीने पेटी भरायला घेतली. रुखमाबाई नाही म्हणाल्या नाहीत. जा म्हणाल्या, फक्त एवढी वेचणी होऊ दे. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोनालीला शेताच्या मधोमधची पात दिली.

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आजूबाजूला गप्पा चालत. रामीबाई पांढरकवड्याच्या धुळीचं सांगे. उर्वशी नावाची मोनालीच्या वयाची पोर होती, ती ट्रकवाल्यांच्या बायकांचं सांगे, की नवरा आठ-आठ दिवस दिसत नाही. आणि बोलता बोलता एक वाक्य हमखास येई, की तिथं शेजारीण शेजारणीले वयखत नाई. मोनाली ऐकत राही. तिची पेटी अर्धी भरलेली तशीच पडून होती.

एके दिवशी रुखमाबाई मला म्हणाल्या की ताई, तुम्ही शहरात राहिलेल्या, शिकलेल्या, तुमचं ती ऐकते. झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर अशी चढले की खाली उतरायचं नाव नाही. मोनालीच्या शेजारची पात धरली, आणि मला वेचता येत नव्हतं तरी शहराच्या जगण्यावर तिला चांगलं व्याख्यान दिलं. शेवटी माझ्या तोंडून निघालं, की अगं, तिथे शेजारीण शेजारणीला ओळखत नाही.

मोनालीचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, जरा कीव आल्यासारखं.

"ताई, हे वाक्य तुमचं हाय का?"

मला कोणत्या पातीला लावलं होतं ते मला तेव्हा कळलं. कमरेच्या ओटीतला कापूस तिने झाडाखाली ओतला आणि ती चालू लागली, पात अर्धी टाकून.

आमच्याकडे असं कोणी करत नाही. ताप असला तरी बाई हातातली पात संपवून मग बसते. सोडलेली पात, ज्याने दिली त्याने पुरी करायची, अशी रीत आहे. रुखमाबाईंनी आपली पात संपवली आणि मोनालीच्या पातीत शिरल्या.

मोनाली पलीकडच्या धुऱ्यावर पळसाखाली बसली होती. बऱ्याच वेळाने ती उठली आणि तिच्या टोकापासून वेचू लागली. दोघी दोन बाजूंनी एकाच पातीत. ऊन मऊ झालं होतं आणि सगळं शेत थबकून राहिलंय असं वाटत होतं. मधे एकच झाड उरलं तेव्हा त्या थांबल्या. मी शेजारीच होते, रिकामी ओटी आणि मान खाली.

"पंधरा जणींच्या तोंडून बोलल्या तुम्ही, आत्याबाई," मोनाली म्हणाली. "सोताच्या तोंडून एक डाव नाई बोलल्या. काहून?"

रुखमाबाईंचा हात एका रिकाम्या बोंडावर फिरत राहिला.

"मले एकटीनं राह्याचं भेव वाटते, पोरी. इतकंच. बाकी सारं मी बनवलेलं हाय."

त्या शेवटच्या झाडाचा कापूस मोनालीने वेचला आणि सासूच्या ओटीत टाकला.

आठव्या दिवशी ती गेली. मारेगावच्या स्टँडवर मीही होते. रुखमाबाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तिला थांबवायच्या दहा युक्त्या त्यांना येत होत्या, आणि त्यातली एकही न वापरणं त्यांना केवढं जड जात होतं ते मला दिसत होतं. बस गेल्यावर त्या रस्त्याने उघड रडत घरी आल्या. मी सोबत चालले आणि त्या दिवशी कोणतंही शहाणपण बोलले नाही. मला त्या कधी इतक्या आवडल्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी वेचणीच्या पहिल्या दिवशी विमलताईंनी सीतादही केली, म्हणजे कापसाच्या झाडाला दही-भात दाखवला. रुखमाबाईंच्या बायका नेहमीसारख्या हात न जोडता धुऱ्यावर थांबल्या होत्या. त्यांच्यात मोनाली होती. तिला कोणी निरोप धाडला नव्हता. आदल्या दिवशी पांढरकवड्याच्या बसने ती आपणहून आली होती.

धुकं होतंच. रुखमाबाई पाती वाटत पुढे सरकत होत्या, तू इकडे, तू तिकडे. मोनालीजवळ आल्या आणि थांबल्या.

"तू कोणती पात धरतं, पोरी?"

बायका वळून बघू लागल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी हे कोणालाच विचारलं नव्हतं. मोनालीने पदर कमरेला खोचला, ओटी बांधली, सगळ्या शेतावरून नजर फिरवली.

"आठ दिवस राहीन मी," ती म्हणाली. "तुमच्या बाजूची द्या."