आमच्या वंशावळीवर घातलेलं गाऱ्हाणं

मंडळी, आज मिठबावच्या आमच्या मूळ घरी मी सूड घेतला आणि वर पोटभर जेवलेही.

दोन वर्षं मी घराण्याची वंशावळ जमवतेय. कुणकेश्वर, कट्टा, जिथे जिथे आमच्या लेकी दिल्या तिथे जाऊन म्हाताऱ्यांशी बोलले. पणजोबांच्या बहिणींची नावं सापडली त्या दिवशी तर मी चक्क नाचले होते.

बाबांचे चुलतभाऊ आबाकाका. आज वार्षिक पूजेला त्यांनी माझीच वंशावळ फ्लेक्सवर छापून लावली. त्यात एकही बाई नाही, आणि खाली संकलक म्हणून स्वतःचा फोटो!

विचारलं तर म्हणाले, "चेडवां लगीन करून दुसऱ्यांच्या घरात गेली. तेंची नावां कित्याक व्हयी?"

पूजेनंतर काकांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं. प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही आमची रीत. शेवटी त्यांनी विचारलं, "आणखी कोणाक काय सांगूचा आसा?"

मी पुढे झाले. "बा देवा म्हाराजा, जेणी कोणी ह्या घरातल्या चेडवांची नावां गाळली आसतीत, तेचा नाव तेच्या नातवंडांच्या तोंडात कधी येव नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं घर सवयीने ओरडलं. सगळ्यात मोठा आवाज काकांचा.

जेवताना हळूच म्हणाले, "गो बाय, फ्लेक्स परत छापूया. पण ता गाऱ्हाणा मागे घे."

देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं मागे कसं घेतात, हे तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे का? असेल, तर कृपा करून काकांना सांगू नका.