अष्टमीची मुलाखत

माझा घरवाला ठान्याच्या जेलात व्हता तवा आमच्या दोघी पोरी लहान व्हत्या. मोठी नुकतीच शाळेत जायला लागली व्हती, बारकी माझा पदर धरून बाजारात मासळीच्या पाटीपाशी बसायची. अर्नाळ्याला बंदरावर आमचं घर. घरात मी, सासू आनि या दोन पोरी.

काय झालं व्हतं ते पयलं सांगते. आमी कोळी. डोल जाळं समुद्रात खुंटाला बांधतात. कोनाचा खुंट कुठं ते बापजाद्यांपासून ठरलेलं असतं. एका वर्साला दुसऱ्या होडीवाल्यांनी आमच्या जागेला लागून खुंट रोवले. आमचे लोक सांगायला गेले. सांगता सांगता भांडन झालं, होडीला होडी लागली आनि दोन्हीकडून वल्ही उचलली. त्यांचा एक मानूस डोक्यात वल्हं बसून मेला. ते वल्हं कोनाचं, यावर लोक लई दिवस बोलत व्हते. मी कंदी बोलली नाय. माझ्या घरवाल्याचंच व्हतं. त्यानं सोताच कबूल केलं, वकील गप्प बस म्हनत असताना. सात वर्सांची शिक्षा लागली.

मेलेल्या मानसाची बायको माझ्यासारखीच बाजारात बसायची, समोरच्या रांगेला. आमी एकमेकींकडं बघत नव्हतो. गिऱ्हाईक माझ्याकडून उठून तिच्याकडं गेलं तर मी हाक मारायची नाय. तिला निदान ठावं व्हतं की आपला मानूस येनार नाय. माझं तसं नव्हतं. माझा मानूस व्हता आनि नव्हता.

जेलात भेटीला मुलाखत बोलतात. शिक्षा लागल्यावर पयल्या मुलाखतीला दीर माझ्याबरोबर आला व्हता. दोन जाळ्या, मधी हातभर जागा, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आमी. जाळी इतकी बारीक, कोलीम, बारका जवळा, धरायला वापरतात तशी. सगळेच एकदम वरडतात, त्यात आपलं मानूस काय बोलतंय ते ओठावरून समजून घ्यायचं. त्या दिवशी त्यानं दिराला जरा लांब उभा राहायला सांगितलं आनि मला बोलला, "तू पाट लाव."

आमच्यात तशी रीत हाय. नवऱ्यानं जमातीपुढं काडी मोडून दिली की बाई सुटी. मग तिनं दुसऱ्याशी पाट लावला तरी कोन नावं ठेवत नाय. मी बोलली, "मी कुठं जायची नाय."

"आज बोलतेस. सात वर्सं लांब असतात. ज्या महिन्याला तू येनार नायस त्या महिन्याला मी समजेन. तुला तोंडानं सांगायला नको. मी काडी मोडून पाठवीन."

म्हंजे दर महिन्याची मुलाखत हेच माझं उत्तर. एक महिना चुकला तर संसार मोडला, असं त्यानं ठरवलं. मला विचारलं नाय. मी पन भांडली नाय. वरडायला लागलं असतं, आनि असली गोष्ट वरडून कशी बोलनार?

मग मी दर महिन्याला जायला लागली. आमी बोलायचो काय? लोकांना वाटतं नवरा-बायको रडत असतील. आमी रडलो नाय. त्याचा पयला सवाल, पानी कसं हाय. मी सांगायची, भांग हाय, पान्याला वढ नाय, होड्या वर काढल्यात. नायतर, गेल्या उधानाला बोंबील बरा मिळाला, सगळा वलांडीवर वाळत टाकलाय. तो बोलायचा, इथं दिवस मावळायच्या आत बराकीला कुलूप लागतं, चंद्र दिसत नाय. चंद्र नाय तर तिथ कळत नाय, तिथ नाय तर पानी कळत नाय. भरती हाय का ओहोटी ते ठावं नसलं की कोळ्याला झोप येत नाय. आत सगळं तारखेवर आनि घंटेवर चालायचं. तो हळूहळू तारखेचा झाला. मी आपली बंदरावर, तिथीचीच राहिली. हे तवा माझ्या ध्यानात आलं नाय.

पयल्या पयल्या खेपांना तारखेचं सगळं दीर बघायचा. मग त्याला मुंबईत गोदीत काम लागलं आनि तो तिकडं गेला. मी एकटी जायला लागली. अर्नाळ्याहून यष्टी, मग ठान्याची यष्टी, घोडबंदरावरनं. अंगाला मासळीचा वास, बायका सरकून बसायच्या. मला बरंच, जागा ऐसपैस मिळायची.

एकटी गेली ती पयलीच खेप. वद्य अष्टमी व्हती. अष्टमीला भांग, पान्याला जोर नसतो, डोल जाळ्याचं काम थंड, म्हनून बाईमानसाला हिंडायला तेच दिवस. मुलाखत झाली. खिडकीवरचा कारकून बोलला, "आता महिन्यानं या." चांगला मानूस व्हता, कंदी वसकन अंगावर आला नाय. मी हो बोलली.

पुढल्या वद्य अष्टमीला मी हजर. आमचा महिना म्हंजे अष्टमी ते अष्टमी. होडीचा हिशेब त्यावर, जाळ्याचा त्यावर, पोरी जन्माला आल्या त्यासुदिक तिथीवर. कारकुनानं वही बघितली नि बोलला, "बाई, अजून महिना भरला नाही."

मी मनात बोलली, बरोबर हाय त्याचं. महिना भरतो अवसेला. अवस अजून आठवड्यावर हाय. सरकारचा महिना सरकार अवसेपर्यंत मोजत असेल. मी त्याला काय विचारलं नाय, आनि त्याला काय ठावं की मी काय समजली? एक-दोन दिसाचीच गोष्ट व्हती. त्यानं "परवा या" एवढं म्हटलं असतं तर मी तिथंच कुठंतरी अंग टाकलं असतं. मी परत फिरली.

अवस झाली. अवसेला उधान येतं. त्या उधानाला बोंबील इतका आला की बंदरावर पाय ठेवायला जागा नाय. सासू बोलली, आता गेलीस तर ही मासळी काय तुझा बाप वाळवनार? मी पन विचार केला, महिना तर भरलाय, चार दिस पुढंमागं काय. ते चार दिस करता करता भांग आला, तवा मी ठान्याला गेली. पिशवीत चिवडा व्हता, सासूनं दिलेला.

कारकुनानं नाव आत पाठवलं. लई वेळ गेला. माझ्यामागून आलेल्या बायका भेटून बाहेर आल्या. मग शिपाई येऊन बोलला, तो यायला तयार नाय.

"आजारी हाय का?"

"नाय. बोलला, माझी मुलाखत कोनाशी नाय."

मी बाहेर भिंतीला टेकून बसली. मला कळेना मी काय केलं. मग एक बाई बाजूला बसली व्हती, तिचा पोरगा आत व्हता, तिच्याशी बोलता बोलता उलगडलं. ती बोलली, अगं महिना म्हणजे तारीख ते तारीख, तिथ एक-दोन दिवस आधी येते, अवस कुठली काढलीस? तुझा नवरा त्या तारखेला तयारी करून बसला असेल. ती हसली, मग माझं तोंड बघून तिनं तोंडाला पदर लावला.

घरी येऊन सासूला सांगितलं. ती म्हातारी जिभेनं कोयता. पन त्या दिवशी तिनं आधी चूल पेटवली, मला जेवायला वाढलं. मग बोलली, "माझ्या पोराचं डोकं पयल्यापासून उलटं. मासा गळाला लागायच्या आत हा गळ कापतो."

पुढल्या महिन्याला मी तारीख विचारून, बरोबर त्या तारखेला गेली. तो आला नाय. मी शिपायाला सांगितलं, त्याला बोला मी आधी अष्टमीलाच आली व्हती, मला परत पाठवली. शिपायानं सांगितलं का नाय, देव जाने. दिवसाला शंभर बायका त्याला असंच काय काय सांगत असतील.

आनि त्याच महिन्यात एक सुटलेला मानूस त्याचा निरोप घेऊन जमातीच्या पाटलाकडं आला. निरोप असा, की मी बायकोला मोकळी केली, माझ्या नावानं काडी मोडा.

बातमी बंदरभर झाली. बाजारात एक तोंडाळ बाय रोज मला छेडायची. "काय गो, हिरवा चुडा कंदी भरनार? त्याची होडी मोठी हाय म्हनं." ती बोलायची ते पलीकडच्या आळीतल्या, बायको मेलेल्या मानसाबद्दल, त्यानं माझ्या सासूकडं पापलेटांची जोडी पाठवली व्हती, आडून विचारायला. सासूनं पापलेटं ठेवून घेतली, तळली, पोरींना खाऊ घातली आनि परत निरोप पाठवला की मासळी ताजी नव्हती.

जमात बसली. पाटील म्हातारा व्हता, दर्यावर केस पांढरे केलेला. त्यानं मला विचारलं, तुझं काय म्हननं? मी बोलली, मला काडी नको. मी गेली व्हती, अष्टमीला. मग सगळं सांगितलं, महिना भरला नाय ते, अवसेचं, बोंबलाचं. मला वाटलं हसतील. कोन हसलं नाय. तिथं बसलेला एकूनएक मानूस तिथीवर जगनारा. एक जन बोलला, मी पन अवसेलाच गेलो असतो. दुसरा बोलला, मग काय करनार, महिना भरला नाय म्हंजे अवस व्हायची हाय, त्यात बाईचं काय चुकलं? पाटील बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग बोलला, काडी मोडायची तर मोडनाऱ्यानं सोता मोडायची. मी येतो तुझ्याबरोबर.

पाटील आलाय म्हटल्यावर तो नाय म्हनू शकला नाय. आला. किती दिसांनी बघितला मी त्याला. गाल बसले व्हते. त्यानं माझ्याकडं बघितलं नाय, पाटलाला रामराम केला आनि मूठ उघडली. मुठीत खराट्याची काडी व्हती. बराकीतून आनलेली. पाटलासमोर मोडायला घेऊन आला व्हता.

पाटील जाळीला तोंड लावून बोलला, "थांब जरा. ती काय बोलते ते ऐक, मग मोड."

मी बोलली, "मी वद्य अष्टमीला आली व्हती. महिना भरला नाय सांगून मला परत पाठवली. मी अवसेची वाट बघितली."

बाजूला सगळे वरडत व्हते, त्याला ऐकू आलं का नाय कळेना. मी परत बोलली. मग तो बोटांच्या पेरांवर मोजायला लागला. अंगठा एकेक पेर सरकत व्हता. मागची पुनव कंदी झाली ते त्याला आठवेना, त्यानं पाटलाला विचारलं. पाटलानं सांगितली. परत पयल्यापासून मोजलं. मोजता मोजता त्याचा अंगठा थांबला. 

"त्या दिवशी मी दाढी केली व्हती," तो बोलला. "सगळ्यांची नावं पुकारली, माझं सोडून."

 मला त्याचा राग आला व्हता, खरं सांगते. ठान्याच्या दोन-दोन खेपा मारून मी भिंतीला टेकून बसली, आनि यानं एका दिसाच्या गैरहजेरीवर सगळं तोडायला काढलं. पन दाढीचं ऐकल्यावर राग कुठं ठेवावा ते कळेना. इकडं मी महिना मोजत व्हती, तिकडं तो मोजत व्हता. दोघांनी बरोबर मोजला.

पाटील बोलला, "मग? मोडतोस का? मला परतीची यष्टी धरायची हाय."

त्यानं काडीकडं बघितलं. शिपाई आला, बोलला हातात काय हाय ते दे, आनि काडी काढून घेतली. कोपऱ्यात टाकली. मुलाखत संपायची घंटा झाली तवा तो घाईघाईनं बोलला, "पुढल्या वेळी पोरींना घेऊन ये."

तोवर पोरींना इथं आनायचं नाय असं त्याचंच म्हननं व्हतं. बापाला जाळीमागं बघू नये म्हनून.

मी पुढल्या महिन्याला दोघींना घेऊन गेली. मोठी ओळखून रडायला लागली. बारकी माझ्या पाठीमागं लपली. तिला बाप आठवत नव्हता, तिच्या आठवनीत घरात बायकाच. मी तिला उचलून जाळीपाशी धरली. ती लई वेळ त्याला बघत राहिली, आनि मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं मला विचारलं, "आये, ह्योच का आपला बापूस?"

मी सांगायच्या आत तोच बोलला, "व्हय गो. मीच."