चोखंदळ पुणेकराची कॉमेंट

अकरा वर्षं मी ब्लॉग लिहिते आहे. दर सोमवारी, सकाळचा स्वयंपाक उरकला की. इंटरनेटवर भटकताना जे काही नवलाचं सापडतं त्याबद्दल लिहायचं, एवढाच विषय. कोणी पेन्सिलीच्या टोकावर हत्ती कोरतो. कोणी जगभरातल्या अनोळखी माणसांना आपापल्या खिडकीतून दिसणारं बाहेरचं दृश्य पाठवायला सांगतो आणि एका ठिकाणी मांडून ठेवतो. हे सगळं मी कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर बसून शोधलं, नीटनेटकं लिहिलं, आणि पंचवीस-तीस जणांनी वाचलं. त्यांतले निम्मे नात्यातले. माझी धाकटी जाऊ तर तासाभरात खाली "वहिनी, छान!" असं लिहायचीच. घरच्यांचं कौतुक म्हणजे लग्नातल्या अक्षता, समोर असेल त्याच्यावर पडायच्याच. मी ते धरतही नसे.

ही जाऊ शनिवार पेठेत राहते. मंडई तिला पायी दहा-पंधरा मिनिटांवर. खिडक्यांवरच्या लेखात शेवटी मी सहज एक ओळ टाकली होती, की आपल्या मंडईत रोज एका भाजीवालीला विचारावं, ही भाजी तुम्ही तुमच्या घरी कशी करता, आणि तिचं उत्तर मिनिटभरात मोबाइलवर टिपावं. कोणीतरी हे करायला हवं. कोणीतरी म्हणजे अर्थातच मी. गुडघा जरा बरा झाला की.

तिचा लगेच फोन आला. "वहिनी, किती मस्त सुचलंय तुम्हाला! मी करून बघू का?"

"कर की," मी म्हटलं, "माझी थोडीच मालकी आहे त्यावर."

पुण्यात या वाक्याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. पण ती माहेरची अमरावतीची. तीस वर्षं इथे काढली तरी समोरचा माणूस म्हणतो तेच त्याच्या मनात असतं, असं तिला वाटतं. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी मंडई गाठली आणि पहिलं रील टाकलं.

मला खात्री होती की ते पडणार. मोबाइल हलत होता, मागून कोणाची तरी स्कूटर ओरडत होती, आणि ही बाई निम्मा वेळ ओढणी सावरत होती. पण चाकवत विकणारी ती भाजीवाली तिच्याशी अशी काही बोलली, की जणू मैत्रीण बऱ्याच दिवसांनी भेटली आहे. लसूण किती, ताक कधी घालायचं, नवऱ्याला आवडत नाही तरी आपण का करतो, सगळं सांगून मोकळी झाली. महिन्याभरात जावेचे बघे हजारांत गेले. आमच्या लिफ्टमध्ये एका मुलीने मला थांबवून विचारलं, "काकू, त्या मंडईवाल्या आँटी तुमच्या रिलेटिव्ह आहेत ना? सो क्यूट आहेत त्या!" अकरा वर्षांत त्या लिफ्टमध्ये मला कोणी "कितवा मजला?" याच्या पलीकडे काही विचारलेलं नव्हतं.

मी जळत होते. सौम्य शब्द शोधून पाहिला, पण नाही सापडला. तिचं प्रत्येक रील मी दोन-दोनदा बघायची, चुका काढायला. बदाम दाबला नाही, शब्द लिहिला नाही. दिवाळीला सगळे जमलो तेव्हा तिने विचारलं, "बघता का हो वहिनी कधी?" मी म्हटलं, "अगं, वेळ कुठे मिळतो." तिने मान डोलावली आणि माझ्या पानात चकली वाढली.

मग तिने अंबाडीचं रील टाकलं. अंबाडी उकडल्यावर पिळून आंबट पाणी काढून टाकतात, हे भाजीवाली सांगायचं विसरली आणि हिनेही विचारलं नाही. मला हवं होतं ते मिळालं. मी खोटं खातं उघडलं, नाव ठेवलं 'चोखंदळ पुणेकर', आणि लिहिलं: "आपला व्हिडिओ पाहिला. अंबाडी पिळून घ्यावी लागते हे सांगायचं राहून गेलं आहे. अर्धवट माहिती लोकांपुढे ठेवू नये. तसेच कॅमेऱ्याकडे पाहून लाडिक हसण्याचं एक वय असतं, याचाही विचार व्हावा. कळावे."

मोबाइल पालथा ठेवला आणि गार पाण्याने तोंड धुतलं. खूप बरं वाटलं, हे कबूल करते.

संध्याकाळी आमचे हे हसत हसत आले. "हे वाचलंस का? कोणा म्हाताऱ्याने कॉमेंटच्या शेवटी चक्क 'कळावे' लिहिलंय! पोस्टकार्ड टाकतोय की काय!"

मी त्यांच्या हातून मोबाइल घेऊन पाहिलं. खरंच लिहिलं होतं. वर्तमानपत्रांना पत्रं लिहिण्यात माझा जन्म गेला. मजकूर संपला की हात आपोआप 'कळावे' लिहितो. घरच्यांच्या ग्रुपवर "उद्या पाणी येणार नाही" एवढं कळवतानाही मी ते लिहिते आणि सगळे त्यावरून माझी चेष्टा करतात. यांच्या कसं लक्षात आलं नाही, देव जाणे.

पोरांना मात्र खेळणं मिळालं. त्या कॉमेंटखाली कोणी लिहिलं, "काकू, तुम्ही लाडिकच हसा. कळावे." कोणी, "मला भूक लागली आहे. कळावे." मग दुसऱ्यांच्या रील्सखालीही ते दिसू लागलं. तरुण पोरं एकमेकांना चहाला बोलावताना 'कळावे' म्हणू लागली. अकरा वर्षांत माझं म्हणून एवढं काही पसरलं, ते हे. तेही माझं आहे असं सांगायची सोय नाही, आणि त्याने बघे वाढले ते तिचेच. मला त्याचाही मत्सर वाटला, इतकी मी खाली उतरले होते.

सोमवारी ब्लॉग टाकला. तास गेला, दुपार गेली, जावेचं काही आलं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. पहिल्यांदा मी नीट पाहिलं, तर बाकीच्या नातेवाइकांनी केव्हाच वाचणं सोडलेलं होतं. अकरा वर्षं दर आठवड्याला न चुकता वाचणारी ती एकटीच होती, आणि तिला मी घालवून बसले होते. तिसऱ्या सोमवारी मी काहीच लिहू शकले नाही. बुधवारी सकाळी रिक्षा करून शनिवार पेठेत गेले. सगळं सांगून टाकायचं, मग ती घराबाहेर काढो की काही करो.

ती ओट्याशी उभी होती. वळून न बघताच म्हणाली, "या वहिनी. अंबाडीच करतेय. पिळून घेतलीये."

मी दारातच थांबले. "ते मी लिहिलं होतं," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"फार वाईट लिहिलं गं मी. वयाचं वगैरे."

"हो. ते लागलं मला. तुमच्या ब्लॉगवर काही लिहायला हातच होईना."

"मग ते काढून का नाही टाकलंस? एका बोटाचं काम होतं."

तिने गॅस बारीक केला, हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "वहिनी, चाळीसच्या वर व्हिडिओ झाले माझे. प्रत्येक वेळी टाकला की बसून राहायची, तुमचं काही येतंय का बघत. तुमच्याकडून आलं ते तेवढंच. ते कसं काढून टाकू?"